एक मैल जास्त

इंजिन मारायला फार अक्कल लागत नाही. ऑइल काढून टाकायचं, त्याच्या जागी सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचं, गाडी सुरू करायची आणि रेस देऊन धरायची. आतल्या उष्णतेने पाणी उडून जातं, मागे काच उरते, आणि दहा-बारा वर्षं कुरकुर न करता चाललेलं इंजिन चार-पाच मिनिटांत आचके देत जागच्या जागी थिजतं. हे सगळं सरकारने नीट लिहून पाठवलं होतं, अगदी बाटलीवर काय लिहिलेलं असावं इथपर्यंत. चांगलं इंजिन कसं करावं हे मात्र सरकारने कधी कुणाला लिहून पाठवल्याचं लायल सोबचाकच्या पाहण्यात नव्हतं, आणि त्याने सव्वीस वर्षं इंजिनं केली होती.

त्या जुलैत, म्हणजे २००९ सालच्या, सरकारला एकाएकी पेट्रोलचा कळवळा आला. तुमची जुनी, जास्त पिणारी गाडी आणून द्या, कमी पिणारी नवी घ्या, वर साडेचार हजार डॉलर आमच्याकडून. अट एवढीच की जुनी गाडी गॅलनला अठरा मैल किंवा त्याहून कमी जाणारी हवी. एकोणीस जात असेल तर ती शहाणी गाडी, तिला बक्षीस नाही. आणि घेतलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, म्हणून ते काचेचं पाणी.

लायल हे काम करत होता सॅगिनॉ शहराच्या पलीकडच्या एका लहानशा गावात, रॉय माकीच्या शोरूमच्या मागच्या शेडमध्ये. माकी जपानी गाड्या विकायचा. लायलच्या जुन्या कारखान्यात जपानी गाडी घेऊन येणाऱ्याला कुंपणाच्या आत जागा मिळत नसे. गाडी हमरस्त्यावर लावून बर्फातून पाव मैल चालत या, असा युनियनचा दंडक होता, आणि ती पाटी ठोकणाऱ्यांत लायल पुढे होता. आता त्याच्या छातीवर जपानी कंपनीचं नाव शिवलेलं होतं. घरून निघताना तो वरून जाकीट घालायचा, भर उन्हाळ्यात.

कारखाना आदल्या हिवाळ्यात बंद पडला. कंपनी बुडाली, साहेब लोक टोपी हातात घेऊन पैसे मागायला वॉशिंग्टनला गेले, सरकारने पैसे ओतले आणि कंपनीच मालकीची करून घेतली. मग सरकारची पोरंसोरं आली, ज्यांनी आयुष्यात पाना हातात धरला नसेल. त्यांनी एक यादी केली. त्या यादीत लायलचा कारखाना होता. झालं. लायल तेव्हापासून भेटेल त्याला सांगायचा, "आपल्याला सरकारने मारलं." कॉफी गार असली तरी तो सरकारवर घसरायचा.

खरं तर याच सरकारने पूर्वी मायलेज वाढवा म्हणून नियम काढला तेव्हा कंपनी आणि युनियन गळ्यात गळा घालून नको म्हणाल्या होत्या. लायल सगळ्यांबरोबर बसमधून वॉशिंग्टनला घोषणा द्यायला गेला होता. बसमध्ये त्याच्या शेजारी व्हेल्मा टीग होती. कारखान्यात इंजिन जुळवायच्या लाइनवरही ती त्याच्या शेजारीच उभी असायची. सगळी बस घसा फाडून ओरडत असताना व्हेल्माने विचारलं होतं, "पण काय रे, जरा कमी पिणारं बनवायला आपलं काय जातं?"

"व्हेल्मा, तू गप बस. नोकऱ्या जातील आपल्या."

नोकऱ्या गेल्याच. नियम आला म्हणून गेल्या की नाही पाळला म्हणून गेल्या, यावर लायलने फारसा विचार केला नाही.

व्हेल्मा आता साठीला टेकली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. साखरेचा आजार, आणि कारखान्याबरोबर कारखान्याचा औषधोपचाराचा विमाही गेलेला. चार महिने घरी बसल्यावर तिला एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, घरापासून अठ्ठावन्न मैलांवर, सकाळी सहाला हजर. पहिले नव्वद दिवस एक खाडा नाही, उशीर नाही. नव्वद भरले की पक्की नोकरी आणि विमा. ती इन्सुलिन पुरवून पुरवून घेत होती आणि दिवस मोजत होती.

तिची व्हॅन दहा वर्षांची होती, त्यांच्याच कारखान्याचं इंजिन असलेली. व्हॅनला काही झालं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवलं पाहिजे, कारण नंतर सगळे म्हणायला लागले की ती मोडकळीला आली होती. ती फक्त पेट्रोल प्यायची. रोजचे एकशेसोळा मैल; पगारातला एक तास जाताना आणि एक तास येताना टाकीत जायचा.

"अगं, बदल ती," लायल तिला चौकातल्या कॉफीच्या दुकानात म्हणाला. "सरकार साडेचार हजार देतंय."

"तू सांगतोस? सरकारकडून घे म्हणून?"

"त्यांनी आपलं घेतलं तेवढं तरी परत घेऊया."

"आणि जपानी गाडी दारात लावू? नवरा थडग्यातून उठून येईल माझा."

"येऊ दे. त्यालाही कामावर सोड जाता जाता."

व्हेल्मा खूप हसली. मग तिने विचारलं, "पण माझी बसते का त्या नियमात? मला फशी नको पाडूस हं लायल."

"अठरा मैल. माझ्याकडे सरकारचीच छापील यादी आहे, शेडच्या भिंतीवर लावलीय. आणि यादी कशाला हवी? ते इंजिन किती पितं हे मला विचारायचं की वॉशिंग्टनला?"

तिने कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. एका कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की सरकारने काही कारणाने पैसे नाकारले तर ते गिऱ्हाइकाने भरावेत, नाहीतर नवी गाडी परत करावी. माकी म्हणाला, "हे नुसतं रीतीपुरतं आहे." लायलनेही मान डोलावली.

शेडमध्ये त्या आठवड्यात जत्रा भरली होती. गाड्या एवढ्या येत होत्या की मरायला रांग लागलेली. विक्रीवाला डेल, स्पेअर पार्टच्या खिडकीतला जाडा गस आणि लायल यांनी पैज लावायला सुरुवात केली: कुठलं इंजिन किती टिकतं. ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकेल त्याने दुपारी सगळ्यांना कोनी डॉग, म्हणजे वर खिमा घातलेले सॉसेज-पाव, खिलवायचे. मोठ्या नावाच्या गाड्या दोन-तीन मिनिटांत मान टाकायच्या. लायल प्रत्येक वेळी म्हणायचा, "आमचं येऊ दे एकदा. दहा मिनिटांच्या आत गेलं तर महिनाभर कोनी माझ्याकडून."

"बढाया ऐका," गस म्हणायचा. "एवढं टिकाऊ होतं तर कंपनी का नाही टिकली?"

यावर लायल सरकारला शिव्या द्यायचा.

सोमवारी व्हेल्माची व्हॅन शेडमध्ये आली. व्हेल्मा स्वतः घेऊन आली होती, कामावरून परस्पर, अंगावर स्वयंपाकघराचा पांढरा डगला. "मी थांबणार," म्हणाली. "परक्यांच्या हातून जायला नको." डेलने मोबाइलवर घड्याळ लावलं. पुढच्या शोरूममधले दोघे-चौघे जमले. लायलने ऑइल काढलं, बाटली हातात घेतली, आणि तेवढ्यात ऑफिसातली ट्रीना दारात आली. कानाला फोन, हातात दुसरा फोन. सरकारच्या वेबसाइटशी झटून झटून तिचे डोळे लाल झाले होते.

"लायल, ती भिंतीवरची यादी कधीची आहे रे?"

"का?"

"शुक्रवारी आकडे बदललेत म्हणे काही गाड्यांचे. मधूनमधून साइट चालतेय. आत्ता चालू आहे. या व्हॅनचं एकदा बघून घेतोस? मिनिटाचं काम आहे, माझ्या दोन्ही लाइनी अडकल्यात."

लायलने बाटलीकडे पाहिलं. जमलेल्या लोकांकडे पाहिलं. गस दात काढून हसत होता.

"दहा वर्षांच्या गाडीचं मायलेज शुक्रवारी कसं बदलेल, ट्रीना? वयात आली काय ती? अठरा. लिहून टाक."

सगळे हसले. ट्रीनाही हसली आणि फोनवर बोलत आत गेली.

लायलने बाटली ओतली, स्वतः गाडीत बसला आणि रेस दिली.

तीन मिनिटं काही झालं नाही. इंजिन आपलं चालू, जसं काही कुणी दूध पाजलंय. चौथ्या मिनिटाला आत कुणीतरी खडे चाळल्यासारखा आवाज यायला लागला. पाचव्याला धूर आला, आणि डेल म्हणाला, "गेलं." गेलं नाही. सहा. सात. गसचं हसू कमी कमी होत गेलं. आठव्या मिनिटाला इंजिन ओरडू लागलं, अक्षरशः ओरडू लागलं, व्हॅनचे पत्रे थरथरत होते. पण लायलने पाय हलवला नाही. नऊ झाली तेव्हा लोक टाळ्यांच्या ठेक्यावर सेकंद मोजायला लागले. दहा मिनिटं आणि बावीस सेकंदांनी एक मोठा आचका बसला आणि सगळं शांत झालं.

लोकांनी जल्लोष केला. गसने टोपी काढली. लायल खाली उतरला. बऱ्याच वर्षांत त्याला इतका अभिमान वाटला नव्हता, आणि कशाचा वाटतोय हे कळल्यावर इतकी लाजही वाटली नव्हती.

व्हेल्माने तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. "काय बनवायचो रे आपण," एवढंच म्हणाली. मग डोळे पुसून नव्या गाडीत बसली आणि गेली. व्हॅन त्याच आठवड्यात चुरा करणाऱ्या यंत्रात गेली.

ऑगस्टच्या चौदा तारखेला सरकारचं उत्तर आलं. अर्ज नामंजूर. सदर गाडीचे सुधारित मायलेज: एकोणीस.

लायलने ते तीनदा वाचलं. पंचवीस वर्षं कंपनीचे इंजिनिअर म्हणत होते की गॅलनमागे एक मैल वाढवायचा तर कोट्यवधी डॉलर लागतील आणि दहा वर्षं लागतील. कुण्या कारकुनाने खुर्चीत बसल्या बसल्या, शुक्रवारी, जेवायच्या आधी, तो मैल वाढवून दाखवला होता.

"माझ्या पगारातून काप," तो माकीला म्हणाला.

रॉय माकी वाईट माणूस नव्हता. त्याचं तोंड त्या दिवसांत राखेसारखं झालं होतं. "कुठला पगार, लायल? एक्केचाळीस गाड्या मी दिल्यात आणि सरकारकडून नऊ गाड्यांचे आलेत. पुढच्या शुक्रवारी तुम्हा सगळ्यांना काय देऊ, इथून सुरुवात आहे. तिला फोन केलाय मी. भर म्हटलं, नाहीतर आण. ती म्हणाली, न्यायला कुणाला तरी पाठवा."

"मी काही करू शकलो असतो तर..."

"तू काय करणार? सरकारने रातोरात आकडा बदलला, त्याला तू काय करणार?"

ट्रीना कोपऱ्यात टाइप करत होती. तिची बोटं थांबली. तिने लायलकडे पाहिलं. लायलने खिडकीबाहेर पाहिलं. मग तिची बोटं पुन्हा चालू झाली.

"मी जातो," लायल म्हणाला.

शनिवारी दुपारी डेलने त्याला व्हेल्माच्या घरासमोर सोडलं आणि थांबायला नको म्हणून लगेच गाडी वळवून निघून गेला. नवी गाडी घराच्या मागे लावलेली होती, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. व्हेल्मा मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. गाडीतलं तिचं सामान तिने काढून पायरीवर मांडलं होतं: छत्री, डगला, साखर तपासायचं यंत्र, बिस्किटांचा अर्धा पुडा.

"बस," ती म्हणाली. "कॉफी करू?"

"नको." तो बसला नाही. डेलच्या गाडीत येताना मनात जुळवलेलं सगळं त्याच्या तोंडून धडाधड बाहेर पडलं. "हरामखोर आहेत, व्हेल्मा. आपली कंपनी गिळली, कारखाना गिळला, आता हे. एका रात्रीत आकडा फिरवतात! कुणाला कळवायचं नाही, सांगायचं नाही. सामान्य माणसाने करायचं काय? आपण युनियनला लिहू. त्या सिनेटरच्या ऑफिसात जाऊ. मी येतो तुझ्याबरोबर. कुणी एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

"ट्रीनाने सांगितलं होतं," व्हेल्मा म्हणाली.

लायल थांबला.

"मी पाच पावलांवर उभी होते. बहिरी नाही झाले अजून. इतकी वर्षं कारखान्याच्या गोंगाटात काढूनसुद्धा."

कुठेतरी शेजारी गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते बंद व्हावं असं लायलला वाटलं आणि चालूच राहावं असंही वाटलं.

"मग बोलली का नाहीस?" त्याच्या आवाजात राग आला. त्याचा त्यालाच संताप आला त्या रागाचा. "तुझी गाडी होती. म्हणायचंस, थांब, बघून ये!"

"लाइनवर तू इंजिनाच्या हेडचे बोल्ट आवळायचास आणि मी त्यावर झाकण बसवायचे. बरोबर? बोल्ट सैल असला तर झाकणाखाली कुणाला दिसणार नाही. सव्वीस वर्षांत मी एकदा तरी पाना लावून बघितला? एकदा?" तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू म्हणालास अठरा. मी झाकण बसवलं."

सरकार, कंपनी, ती पोरंसोरं, ती यादी, सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. सहा महिने तेच बोलत होता. त्यातलं काही या पायरीपाशी चालण्यासारखं नव्हतं.

"मला बघायचं होतं व्हेल्मा," तो शेवटी म्हणाला. "किती टिकतं ते. लोकांसमोर. आत गेलो असतो तर... ते सगळे पांगले असते."

"ठाऊक आहे."

"माझा ट्रक घे. आत्ता आणून देतो."

"तुझा ट्रक चौदा जातो. आणि तू माकीकडे काय पोहत जाणार?"

"मग एखादी जुनी बघू. हजार-बाराशेत. काहीतरी मिळेल."

"कुठे?" व्हेल्माने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "हजार-बाराशेवाल्या सगळ्या तूच मारल्यास ना?"

ती हे लागट बोलण्यासाठी बोलली नव्हती. खरंच तिने शोधल्या होत्या. पायरीवर जाहिरातींचं वर्तमानपत्र उलटं पडलेलं होतं आणि त्यात पेनाने फक्त दोन खुणा होत्या, दोन्हींवर काट मारलेली.

"आश्रमात फोन करून टाकला सकाळी," ती म्हणाली. "सोमवारपासून नाही येत म्हणून. बाई चांगली आहे तिथली. म्हणाली, गाडी झाली की पुन्हा ये, पण दिवस पहिल्यापासून मोजावे लागतील. चौतीसच राहिले होते."

"आणि औषध?"

"लायल," ती म्हणाली, "तू गाडी घेऊन जा."

तिने किल्ली पुढे केली. त्याने घेतली. माफ कर म्हणावं असं त्याला वाटलं, तोंड उघडलंही, पण ती आधीच उठून सामान आत न्यायला लागली होती. पहिल्या खेपेला छत्री आणि डगला, दुसऱ्या खेपेला यंत्र. बिस्किटांचा पुडा तिने पायरीवरच ठेवला.

तो गाडीत शिरायला गेला तर शिरता येईना. व्हेल्मा बुटकी, सीट पार पुढे ओढलेली, स्टिअरिंगला चिकटलेली. लायल एक पाय आत, एक पाय बाहेर, असा वाकून सीटखाली चाचपडत राहिला. या गाड्या तो रोज धुवायचा, ऑइल बदलायचा, आणि आता त्याला सीटची दांडी सापडत नव्हती. त्याने एकदा जोरात सीट ढकलली, दोनदा ढकलली. सीट हलली नाही.

व्हेल्मा पुन्हा बाहेर आली होती. क्षणभर ती दारातून बघत राहिली, मग पायऱ्या उतरून आली, त्याच्या बाजूने आत वाकली आणि त्याचा हात धरून योग्य जागी नेऊन ठेवला.

"इथे आहे," ती म्हणाली. "वर उचल आणि मागे रेट."

त्याने उचलली. सीट खाडकन मागे गेली आणि तो आत बसला.